साप सोलापुरात ठेवून शिकायला बाहेरगावी जाताना

बारावीनंतर पुण्याला किंवा त्याहून लांब शिकायला जायचं पक्कं झालं की पाळलेल्या सापाचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेकांना सामान बांधताना आठवतो. तो निदान दोन महिने आधी हाती घ्यायला हवा. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षं जगतो, कॉर्न स्नेक पंधरा ते वीस. म्हणजे पदवी, नोकरी, लग्न या सगळ्यातून तो तुमच्याबरोबर येणार आहे. चार वर्षांची सोय लावणं हा त्यातला पहिलाच टप्पा.

आमचा सल्ला सरळ आहे. साप घरीच ठेवा, आणि घरच्यांना ना सापाला हात लावावा लागेल ना उंदराला, अशी व्यवस्था करून जा. हे जमतं, कारण पूर्ण वाढलेला साप तीन-चार आठवड्यांतून एकदा जेवला तरी त्याला पुरतं, आणि तेवढ्या दिवसांत तुम्ही एकदा घरी येताच. जेवण तुमच्या हातचं. घरच्यांकडे फक्त पाणी, तापमान आणि कुलूप. साप लहान असेल तर मात्र हे गणित बसत नाही. पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी खायला लागतं, वर्षाच्या आतल्याला साधारण दहा दिवसांनी. अशा वेळी पहिलं वर्ष साप एखाद्या जाणत्या पाळणाऱ्याकडे ठेवावा. आईला इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवून पिल्लाचं खाणंपिणं शिकवायला जाऊ नये.

आधी कागद. नाग, धामण, दिवड, मांडूळ, अजगर, आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. ‘शेतात सापडला होता, लहानपणापासून सांभाळलाय’ हे उत्तर चालत नाही. या लेखात ज्यांच्याबद्दल सांगतो आहोत ते परदेशी जातीचे साप. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साईटस यादीत दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. कॉर्न स्नेक अमेरिकेतला आणि त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवावी. नोंदणीची प्रत तुमच्या मोबाईलमध्ये असून उपयोग नाही. वनखात्याचा माणूस दारात आला तर दार आई उघडणार आहे. प्रत प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून पेटीच्या मागे चिकटवून ठेवा. साप कायमचा दुसऱ्याला दिला तर तीही नोंद पोर्टलवर करावी लागते.

सोलापुरात खरी लढाई उन्हाशी

साप पाळण्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं. त्यात पानंच्या पानं साप गरम कसा ठेवावा यावर. सोलापुरात वर्षातले आठ-नऊ महिने प्रश्न उलटा असतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि बंद पेटीतला साप ३५ अंशांच्या वर तासन्‌तास राहिला तर दगावू शकतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये, ऊन चढू लागतं तेव्हा, तुमच्या परीक्षा असतात. तुम्ही सुट्टीवर येईपर्यंत निम्मा उन्हाळा सरलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीच्या फेरीतच उरकायची.

आकडे लक्षात ठेवा. बॉल पायथनला पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२७ लागते. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९-३०, थंड बाजू २४-२६. साप या दोन टोकांमध्ये येऊन-जाऊन स्वतःचं तापमान सांभाळतो. खोलीच ३४ झाली की थंड टोक उरतच नाही, सापाला जायला जागाच राहत नाही. आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: पेटीला थर्मोस्टॅट आहे म्हणून ते निश्चिंत राहतात. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, गार करू शकत नाही.

म्हणून पेटीची जागा निवडणं हे सगळ्यात मोठं काम. गच्चीवरची खोली नको, पत्र्याची तर नकोच. पश्चिमेच्या भिंतीला लावूनही ठेवू नका. दुपारभर तापलेली भिंत रात्री दहापर्यंत ऊन ओकत असते. तळमजल्यावरची, मधली, खिडकीतून थेट ऊन न येणारी खोली उत्तम. जुन्या वाड्यात माळवदाची खोली असेल तर डोळे मिटून ती निवडा. मातीच्या जाड धाब्याखाली स्लॅबपेक्षा दुपार खूपच सुसह्य असते. जागा ठरवण्याआधी दोन-तीन दिवस तिथे साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून दुपारी तीन ते पाचमधलं तापमान लिहून काढा. अंदाज नको.

कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगला चालतो. त्याचा झोत पेटीवर मारू नका, खोलीत हवा खेळू द्या आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा जातो. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के दमटपणा चालतो, उलट उन्हाळ्यात तो मिळवायला धडपडावं लागतं. कॉर्न स्नेकला ४०-५० पुरे. पेटीच्या तळाचा कागद सतत ओला राहिला तर पोटाकडचे खवले तांबूस होतात, पुढे फोड येतात. कागद हाताला ओला लागला की तो बदलायचा, इतका साधा नियम घरच्यांना सांगा.

दुसरा उपाय कुंभाराकडचा. दहा-बारा इंची मातीची कुंडी, रंग न दिलेली, काठाला साप आत जाईल एवढी खाच पाडून थंड बाजूला पालथी ठेवायची. खाचेची धार कानशीने घासून घ्यायची. बाहेरून रोज सकाळी पाणी शिंपडलं की माठासारखी ती आतून गार राहते, आणि साप दिवसभर तिच्यात बसतो. पण कुंडीच्या बुडाला पाणी जायचं भोक असतं, ते एम-सीलने बुजवल्याशिवाय कुंडी पेटीत ठेवू नका. साप त्यात डोकं घालतो, खवले मागे फिरू देत नाहीत, आणि सोडवायला घरी कोणी जाणतं नसतं.

मार्च ते जून सापाला मोठ्या पेटीतून उन्हाळी डब्यात हलवावं, असं आम्ही सुचवतो. ५०-६० लिटरचा, क्लिपच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. दोन्ही लांब बाजूंना सोल्डरिंग गनने आतून बाहेर पाच-सहा मिलिमीटरची वीस-वीस भोकं पाडा, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचं नाक सोलवटत नाही. आत कागद, कुंडी, पाण्याचं जड भांडं. फायदा एकच पण मोठा: लाईट गेली किंवा खोली तापली तर आईला सापाला हात न लावता आख्खा डबा उचलून घरातल्या गार कोपऱ्यात नेता येतो. चार फुटी काचपेटी तशी नेता येत नाही.

इन्व्हर्टर असेल तर १५० एएचची चांगली बॅटरी नुसता कूलर पाच-सहा तास ओढते. पंखे, टीव्ही त्यावरच असतील तर तेवढा धीर धरू नका. फ्रीजरमध्ये लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून कायम गोठवून ठेवा. गरज पडली की बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवायची, आत ठेवायची नाही. साप पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो, गार टोकाला काठीसारखा ताणून पडतो, तोंड उघडून श्वास घेतो, ही ऊन बाधल्याची लक्षणं. अशा सापावर बर्फाचं पाणी ओतू नका. साधं, माठाबाहेरचं पाणी डब्यात बोटभर घालून डबा गार जागी न्यायचा.

थंडीचं त्या मानाने सोपं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री पारा १५ च्या आसपास येतो. हीट मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावा, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि पेटी यांच्या मधोमध टेपने घट्ट बसवा. प्रोब निसटून जमिनीवर पडला तर त्याला वाटतं पेटी थंडच आहे, तो मॅट तापवतच राहतो आणि सापाचं पोट भाजतं. म्हणून जाण्याआधी टेप बदला. रात्री चार-पाच तास लाईट गेली तरी निरोगी सापाला काही होत नाही. पेटीवर एक सोलापुरी चादर टाकली, भोकं उघडी ठेवली, की पुरे.

शुक्रवारी रात्रीचं जेवण

आल्या-आल्या खायला घालायचं, जायच्या दिवशी नाही. साप उलटी करणार असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत करतो, आणि तेव्हा तुम्ही घरी असायला हवं.

पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालात तर रात्री दहाच्या सुमारास सोलापुरात पोचता. घरात मांसाहार चालत नसेल तर आईच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवण्यावरून वाद घालू नका. तिचं म्हणणं रास्त आहे. गोठवलेला उंदीर दुहेरी पिशवीत, जेल आइसपॅकसह थर्मोकोलच्या डब्यात घालून बरोबर आणा, चार तास तो टणक राहतो. घरी पोचल्यावर पहिलं काम उंदराचं नाही, गरम बाजूचं तापमान बघण्याचं. ती २८ च्या खाली असेल तर आज जेवण नाही. पोटात ऊब नसेल तर उंदीर पचण्याआधी सडतो आणि बाहेर येतो.

मग सापाला उशीच्या अभ्र्यात घालून स्वयंपाकघराबाहेरच्या वेगळ्या काट्यावर वजन करा, वहीत लिहा. उंदीर पिशवीसकट साध्या पाण्यात तास-दीड तास ठेवा, तोवर पेटीतली घाण काढा. पोटाकडून दाबून आत टणक गोळा लागत नाही ना, हे बघा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीही नाही, उंदीर फुटतो आणि आत कुठे गार, कुठे शिजलेला राहतो. अंग पुसून, डोकं जरा जास्त ऊबदार ठेवून लांब चिमट्याने पुढे धरा. मोठ्या बॉल पायथनला त्याच्या वजनाच्या पाच ते सात टक्के पुरतं: १२०० ग्रॅमच्या सापाला ६० ते ८५ ग्रॅमचा उंदीर. महिन्यातून एकदाच येता म्हणून दुप्पट मोठा उंदीर देऊ नका. उलट्यांचं हे पहिलं कारण.

जिवंत उंदीर पेटीत सोडून खोलीबाहेर जाऊ नका. घाबरलेला उंदीर सापाचा डोळा फोडतो. आणि घरात, गोदामात पकडलेला उंदीर तर कधीच नाही. त्याने औषध खाल्लेलं असेल तर ते विष सापाच्या पोटात जातं.

यानंतर ४८ तास सापाला हात लावायचा नाही. रविवारी निघताना नुसतं काचेतून बघा. उलटी केलीच तर पेटी स्वच्छ करा, पाणी भरा, दोन आठवडे काही देऊ नका, आणि पुढचा उंदीर नेहमीच्या निम्म्या वजनाचा द्या. हिवाळ्यात मोठा बॉल पायथन दोन-तीन महिने जेवण नाकारतो, त्याने घाबरू नका. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर मात्र डॉक्टर.

घरच्यांसाठी कागद

तोंडी सांगितलेलं पंधरा दिवसांत पुसट होतं. एका पानात मावेल एवढंच, मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर चिकटवा. साधारण असं:

आई, रोज सकाळी काचेतून बघ, साप दिसला की नाही. दिसला नाही तर पेटी उघडू नकोस, मला फोन कर.
एक दिवसाआड पाणी बदल. पेटी उघडायच्या आधी तो कुंडीत आहे ना ते बघ. भांडं न्हाणीत धू, ओट्यावर नको. मग साबणाने हात धू.
दुपारी तीनला डावीकडचा, म्हणजे थंड बाजूचा आकडा बघ. ३० च्या वर: कूलर लाव. ३२ च्या वर: गोठवलेली बाटली टेकव. ३४ च्या वर: डबा देवघराशेजारी ने आणि लगेच फोन कर. माझा नाही लागला तर दादाला.
दार लावल्यावर कुलूप ओढून बघ. किल्ली बाळाच्या हाताला येणार नाही अशी ठेव.
खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं मशीन नको. धूरफवारणीची गाडी आली तर खिडक्या लाव.
नागपंचमीला दूध, हळद-कुंकू, लाह्या पेटीत नकोत. नमस्कार बाहेरून कर.

शेवटची ओळ गाळू नका. घरात साप आहे म्हटल्यावर त्या दिवशी शेजारणी येणारच, आणि कोणीतरी श्रद्धेने दुधाची वाटी आत सरकवेल. सापाला दूध पचत नाही. हे आजीला आधीच, नीट बसून सांगितलेलं बरं.

जेवणानंतर काही दिवसांनी तो शी करेल, तेव्हा तुम्ही पुण्यात असाल. ती कशी दिसते हे आधी दाखवून ठेवा: काळपट ढेकूळ आणि शेजारी खडूसारखा पांढरा तुकडा. पांढरं बघून घरचे घाबरतात, ती लघवी असते. तेवढा कागद गुंडाळून टाकायचा. म्हणूनच तुम्ही घरी नसताना तळाला कोकोपीटपेक्षा जुनं वर्तमानपत्र बरं, कोणालाही बदलता येतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हा कुंडीवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. टाकलेली कात फेकू नका, पिशवीत ठेवायला सांगा. घरी आल्यावर तिचा डोक्याकडचा भाग उजेडात धरा: चष्म्याच्या काचेसारख्या दोन पारदर्शक चकत्या दिसल्या तर डोळ्यांवरची कात सुटली आहे. एकही कमी असेल तर सापाचा डोळा तपासा, नखाने खरवडू नका.

पेटीबाहेर साप दिसला तर

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. सोलापूर जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. घोणशीच्या अंगावरचे ठिपके आणि बॉल पायथनचे डाग सवय नसलेल्या माणसाला एकसारखे वाटतात. ‘आपलाच सुटलाय’ म्हणून कोणी हात घातला तर जीव जाऊ शकतो. म्हणून नियम: घरात पेटीबाहेर दिसलेला कोणताही साप आपला नाही, असंच धरायचं. लांब राहून फोटो काढायचा, मग पेटीत बघायचं. पेटीतला साप जागेवर असेल किंवा शंका असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. चावलाच तर आवळपट्टी, कापणं, मंत्र काही नाही. १०८ ला फोन, आणि तडक सरकारी रुग्णालय.

आपला साप खरंच सुटला असेल तर खोलीचं दार लावून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायला सांगा. तो बहुधा पहिल्या रात्री त्याच खोलीत, जमिनीलगत, कपाटामागे किंवा इन्व्हर्टरजवळ असतो. झोपताना भिंतीकडेने मैद्याची पातळ रेघ टाकली की सकाळी त्यावरचा माग कुठे गेला ते दिसतं. सुटका बहुतेक वेळा काचेच्या सरकत्या दारातून होते, मधली फट करंगळीएवढी असली तरी पुरते. तिथे रबरी पट्टी आणि शोकेसचं कुलूप, दोन्ही लावा.

साप बरोबर न्यायचाच असेल

वसतिगृहात नको, ही बाब इथेच संपवू. भाड्याच्या खोलीत ठेवणार असाल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, शेजाऱ्याने आरडाओरडा केल्यावर ती कामी येते. निघण्याआधी आठवडाभर जेवण नाही. सुती पिशवीत साप, तोंडाला गाठ, पिशवी भोकांच्या क्लिपच्या डब्यात, डबा मोटारीत पायाशी. डिकीत नाही, एसटीत नाही. पहाटे पाचला सोलापूर सोडलं तर ऊन चढायच्या आत पुण्यात पोचता. तिथे गेल्यावर पहिला आठवडा त्याला एकटं सोडा.

डॉक्टरचा शोधही जाण्याआधीच. जनावरांचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. सरपटणारे प्राणी तपासता का, असं फोनवर स्पष्ट विचारा आणि होय म्हणणाऱ्याचा नंबर कागदावर लिहा. तोंडाशी बुडबुडे, श्वासात शिट्टीसारखा आवाज, मान वर धरून बसणं, ही लक्षणं दिसली की घरच्यांनी व्हिडिओ काढून पाठवायचा.

सांभाळणं जमतच नाही असं झालं तर दुसरा पाळणारा शोधा, पोर्टलवर नोंद बदला. हिप्परग्याच्या तलावाकाठी सोडून येऊ नका. आफ्रिकेतला साप तिथे एकतर उन्हाने मरेल, नाहीतर काठीने. आणि जगलाच तर इथल्या सापांना बाहेरचे रोग देईल.

जाण्याच्या महिनाभर आधी पंधरा दिवसांची तालीम घ्या. तुम्ही घरात असा, पण पेटीजवळ जाऊ नका. सगळं आईने किंवा धाकट्या भावाने कागद वाचून करायचं, तुम्ही फक्त रात्री वही बघायची. कुठल्या दिवशी आकडा लिहिलेला नाही, कुलूप कधी नुसतं अडकवलेलं आहे, पाणी बदलताना कोणाचा हात थरथरतो, हे सगळं या पंधरा दिवसांत दिसतं. भांडं काढताना भीती वाटत असेल तर ते दाराजवळ आणून ठेवा. कुलूप दोनदा उघडं सापडलं तर ज्याला ओढून बघायची गरजच पडत नाही असं, दाबलं की बंद होणारं कुलूप आणा.